ली-एनफिल्ड रायफलींचा संग्रह व जतन

ली-एनफिल्ड ही ब्रिटिश बनावटीची, बोल्ट मागेपुढे सरकवून भरली जाणारी सैनिकी रायफल आहे. भारतात ती तिच्या बोअरवरून थ्री नॉट थ्री (.३०३) या नावाने ओळखली जाते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ती भारतीय सैन्याचे प्रमुख शस्त्र होती आणि त्यानंतर अनेक दशके महाराष्ट्रासह बहुतेक राज्यांच्या पोलीस दलांत वापरात राहिली. युरोप व अमेरिकेत जुन्या ली-एनफिल्ड रायफली जमवणे आणि त्यांची दुरुस्ती करणे हा प्रचलित छंद आहे. भारतात मात्र .३०३ हा निषिद्ध बोअर असल्याने चालू स्थितीतील रायफलीचा खाजगी संग्रह सामान्य नागरिकाला करता येत नाही. त्यामुळे तिचे जतन प्रामुख्याने संग्रहालये, सैनिकी रेजिमेंट व पोलीस शस्त्रागारे यांच्यामार्फत होते, आणि त्याचा उद्देश रायफल पुन्हा चालती करणे हा नसून तिच्यावरील ऐतिहासिक पुरावा टिकवणे हा असतो.

इतिहास

या रायफलीची मूळ यंत्रणा जेम्स पॅरिस ली यांनी तयार केली. १८८८ मध्ये ब्रिटिश सैन्याने स्वीकारलेल्या ली-मेटफर्ड रायफलीत ती वापरली गेली. १८९५ मध्ये नळीतील आटे बदलून एनफिल्ड पद्धतीचे करण्यात आले व ‘ली-एनफिल्ड’ हे नाव रूढ झाले. पायदळ व घोडदळ या दोघांनाही वापरता येईल अशी आखूड नळीची आवृत्ती विसाव्या शतकाच्या आरंभी आली. तिचा ‘मार्क ३’ हा प्रकार १९०७ मध्ये स्वीकारला गेला. पहिल्या महायुद्धात उत्पादन वेगाने व्हावे म्हणून त्यातील काही भाग वगळून ‘मार्क ३ स्टार’ हा प्रकार काढण्यात आला. भारतात सर्वाधिक आढळणाऱ्या रायफली या दोन प्रकारांच्या आहेत.

१८५७ च्या उठावानंतर हिंदी शिपायांना गोऱ्या सैनिकांपेक्षा एक पिढी मागची शस्त्रे देण्याचे धोरण ब्रिटिश सरकारने दीर्घकाळ ठेवले होते. गोऱ्या पलटणींना मार्टिनी-हेन्री रायफल मिळाली तेव्हा हिंदी पलटणींकडे जुनी स्नायडर होती. ली-एनफिल्डच्या काळात हे अंतर हळूहळू मिटले.

बंगालमधील इशापूर येथे जुन्या दारूच्या कारखान्याच्या जागेवर रायफल कारखाना उभारण्यात आला व तेथे ली-एनफिल्डचे उत्पादन सुरू झाले. तिच्या काडतुसांचे उत्पादन पुण्याजवळील खडकी येथील दारूगोळा कारखान्यात होत असे. हा कारखाना १८६९ मध्ये स्थापन झाला. तेथील काडतुसाच्या बुडाशी ‘के’ व ‘एफ’ ही रोमन अक्षरे उमटवलेली असतात.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात लढलेल्या सहाव्या (पुणे) डिव्हिजनमध्ये १०३, ११० व ११७ या मराठा पलटणी होत्या. कुत-अल-अमाराच्या वेढ्यानंतर २९ एप्रिल १९१६ रोजी या डिव्हिजनला शरणागती पत्करावी लागली. दुसऱ्या महायुद्धात आणि स्वातंत्र्यानंतर १९६२ च्या चीन युद्धातही भारतीय पायदळाचा मोठा भाग .३०३ रायफल घेऊनच लढला. त्या युद्धानंतर इशापूर येथे हीच यंत्रणा ७.६२ मिलिमीटर काडतुसासाठी मजबूत करून ‘२ए’ व पुढे ‘२ए१’ या रायफली तयार करण्यात आल्या.

रचना

मार्क ३ रायफलीची स्थूल वैशिष्ट्ये पुढीलप्रमाणे आहेत :

* बोअर : .३०३ इंच (७.७ मिमी)
* एकूण लांबी : सुमारे ११३ सेंमी
* नळीची लांबी : सुमारे ६४ सेंमी
* वजन : सुमारे ३.९ किलोग्रॅम
* मॅगझिन : १० काडतुसे, पाच-पाचच्या दोन क्लिपांनी भरले जाणारे
* मार्क ७ काडतुसाच्या गोळीचे वजन : १७४ ग्रेन (सुमारे ११.३ ग्रॅम)
* गोळीचा प्रारंभिक वेग : सुमारे ७४४ मीटर प्रतिसेकंद

नळी जवळजवळ टोकापर्यंत लाकडाने झाकलेली असते. दस्त्याच्या बुडाला पितळी पट्टी असून तिच्यातील झाकणाआड तेलाची कुपी व नळी पुसण्याची दोरी ठेवण्याची जागा असते. या दोरीला चिंधी बांधून ती नळीतून ओढली जाई.

महाराष्ट्र व गोंदिया जिल्हा

सैन्यातून बाहेर पडलेली .३०३ रायफल पोलीस, राज्य राखीव दल, रेल्वे पोलीस व गृहरक्षक दल यांच्याकडे आली. काही रायफलींची नळी आतून गुळगुळीत करून त्या एकेरी काडतुसाच्या .४१० मस्केटमध्ये बदलण्यात आल्या. त्या पहारेकरी व पोलिसांना दिल्या जात. राष्ट्रीय छात्रसेनेत कवायतीसाठी निकामी केलेल्या .३०३ रायफली वापरल्या गेल्या.

२६ नोव्हेंबर २००८ रोजी मुंबईतील छत्रपती शिवाजी टर्मिनसवर हल्ला झाला तेव्हा स्वयंचलित रायफली घेतलेल्या अतिरेक्यांसमोर रेल्वे पोलिसांच्या हाती .३०३ रायफली होत्या. त्यानंतर पोलिसांच्या जुन्या शस्त्रांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेत आला व शस्त्रे बदलण्यास वेग आला. उत्तर प्रदेश पोलिसांनी २६ जानेवारी २०२० च्या संचलनानंतर या रायफलीला औपचारिक निरोप दिला.

गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्याच्या विभाजनातून निर्माण झाला. झाडीपट्टीतील या वनप्रदेशात जुनी बंदूक तीन वेगवेगळ्या वाटांनी आलेली दिसते आणि संग्रहाच्या दृष्टीने या तिन्हींचे स्थान निराळे आहे.

पहिली वाट शेतीची. रानडुक्कर व हरणांपासून पिकाचे रक्षण करण्यासाठी तोंडाकडून दारू भरण्याच्या ‘भरमार’ बंदुकीचा परवाना देण्याची तरतूद कायद्यात आहे. भरमार ही सैनिकी रायफल नव्हे. तिच्या नळीत आटे नसतात.

दुसरी वाट शिकारीची. ब्रिटिश काळात भंडारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील भागात कामठ्यासारख्या जमीनदाऱ्या होत्या व जंगलात परवान्याने शिकार चाले. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हा काळ संपवला. नागझिरा अभयारण्य व नवेगाव राष्ट्रीय उद्यान मिळून २०१३ मध्ये व्याघ्र प्रकल्प झाला. भारतातील जुन्या शिकारी कुटुंबांकडे वारशाने आलेली जी .३१५ बोअरची रायफल आढळते, ती दिसायला थ्री नॉट थ्रीसारखी असली तरी नागरी वापरासाठी बनवलेली आहे. .३०३ नागरिकांना निषिद्ध असल्याने सरकारी कारखान्यांनी त्याच यंत्रणेवर ती तयार केली. या दोन रायफलींची गल्लत वारंवार होते.

तिसरी वाट पोलिसांची. देवरी, सालेकसा व अर्जुनी मोरगाव हे तालुके नक्षलवादी हालचालींमुळे दीर्घकाळ संवेदनशील राहिले. अशा भागात जुने शस्त्र ही केवळ स्मृतिवस्तू नसते. चालू स्थितीतील एक रायफल चुकीच्या हाती पडणे हा प्रत्यक्ष धोका असतो. संग्रहावरील कडक निर्बंधांमागे हेही एक कारण आहे.

कायदेशीर स्थिती

भारतात शस्त्रे बाळगण्याचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ व शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. संग्राहक व वारसदारांच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाच्या बाबी अशा :

* निषिद्ध बोअरचे शस्त्र केंद्र सरकारच्या विशेष परवानगीशिवाय बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या गुन्ह्यास किमान ७ व कमाल १४ वर्षे कारावासाची तरतूद आहे.
* अन्य बोअरच्या शस्त्रांसाठी परवाना लागतो. २०१९ पासून एका व्यक्तीला जास्तीत जास्त दोन बंदुका बाळगता येतात. पूर्वी ही मर्यादा तीन होती. वारशाने आलेले शस्त्रही या मर्यादेत मोजले जाते.
* शस्त्राच्या व्याख्येत त्याचे सुटे भागही येतात. त्यामुळे केवळ बोल्ट किंवा नळी जमवणे हेही नियमनाबाहेर नाही.
* बंदुकीची दुरुस्ती, चाचणी किंवा रूपांतर व्यवसाय म्हणून करण्यास स्वतंत्र परवाना आवश्यक आहे.
* कालबाह्य बनावटीचे, पुरातन मूल्याचे किंवा नादुरुस्त शस्त्र दुरुस्ती करूनही बंदूक म्हणून वापरता येण्यासारखे नसेल, तर त्याला कलम ४५ अन्वये सूट आहे.

शेवटच्या तरतुदीचा अर्थ अनेकदा चुकीचा लावला जातो. केवळ वय झाले म्हणून रायफल कायद्यातून सुटत नाही. १९१७ साली बनलेली ली-एनफिल्ड आज शंभर वर्षांहून जुनी आहे, परंतु ती झाडता येत असेल, किंवा दुरुस्तीने झाडण्याजोगी होत असेल, तर तिला ही सूट मिळत नाही. दुसरीकडे, पुरावशेष व कला निधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांहून जुनी ऐतिहासिक वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि खाजगी व्यक्तीला तिची निर्यात करता येत नाही.

घरातील मृत व्यक्तीचे किंवा जुन्या वाड्यात सापडलेले शस्त्र बाळगण्याचा अधिकार नसल्यास ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करावे लागते. वारसाने परवान्यासाठी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करेपर्यंत शस्त्र तेथे सुरक्षित राहते.

ओळखखुणा

ली-एनफिल्डचे ऐतिहासिक मूल्य तिच्या खुणांत असते. दस्त्याजवळील धातूच्या कड्याच्या उजव्या बाजूस मुकुट, कारखान्याचे नाव, वर्ष व प्रकार कोरलेला असतो. एनफिल्ड, बीएसए, ऑस्ट्रेलियातील लिथगो व इशापूर ही त्यांतील प्रमुख नावे होत. सम्राट जॉर्ज यांच्या काळातील इशापूर रायफलींवर मुकुटाखाली ‘जीआरआय’ ही अक्षरे असतात. स्वातंत्र्यानंतर मुकुटाची जागा अशोकस्तंभाच्या सिंहांनी घेतली. एकाच कारखान्यातील सत्तांतर अशा प्रकारे धातूवर वाचता येते.

बोल्ट, नळी व मागील साइट यांवरील क्रमांक जुळत असतील तर रायफल मूळ भागांसह टिकली आहे असे मानतात. मात्र पोलीस शस्त्रागारात भागांची अदलाबदल नेहमी होत असल्याने न जुळणारे क्रमांक हाही तिच्या सेवेचा पुरावाच असतो. भारतीय रायफलींच्या पुढच्या लाकडाला तडा जाऊ नये म्हणून आडवा स्क्रू बसवलेला आढळतो. तो नंतरचा दोष समजून काढून टाकल्यास भारतीय सेवेची एक स्पष्ट खूण नष्ट होते.

जतनाची पद्धत

जतनाचे काम अधिकृत ताब्यातील रायफलीवरच व प्रशिक्षित आर्मररने ती रिकामी असल्याची खात्री केल्यानंतर होते. पहिली पायरी नोंदीची असते. सफाईपूर्वी सर्व खुणा, क्रमांक व लाकडावरील रंगवलेले आकडे यांची छायाचित्रे घेतली जातात, कारण सफाईत पुसलेला आकडा परत मिळत नाही.

*धातू.* जुन्या काडतुसांच्या टोपीतील रसायनामुळे झाडल्यानंतर नळीत मिठासारखे क्षार उरत. ते हवेतील ओलावा शोषतात व नळी गंजते. तेलाने हे क्षार विरघळत नसल्याने सैनिक नळीत उकळते पाणी ओतून मग ती कोरडी करीत व तेल लावीत. आज गंजलेली रायफल हाती येते तेव्हा लाल, भुकटी होणारा गंज व स्थिर झालेला तपकिरी थर यांत भेद केला जातो. पहिला हलके तेल व मऊ साधनाने काढतात, दुसरा शक्यतो तसाच ठेवतात. सँडपेपर, घासचाक किंवा आम्ल वापरल्यास मूळ काळसर मुलामा व खुणा दोन्ही जातात. नवा मुलामा दिलेली रायफल चकचकीत दिसली तरी पुरावा म्हणून तिचे मूल्य घटते.

*लाकूड.* ब्रिटिश रायफलींचे लाकूड मुख्यतः अक्रोडाचे असे. सैन्यात त्याला कच्चे जवसाचे तेल चोळण्याची पद्धत होती. जवस हे गोंदिया-भंडारा भागात धानाच्या बांध्यांत उतेरा पद्धतीने घेतले जाणारे परिचित पीक आहे. संग्रहालयीन जतनात मात्र हे तेल जपून वापरतात, कारण ते काळानुसार काळवंडते व धूळ धरते. त्याऐवजी मेणाचा पातळ थर दिला जातो. वाळवी व लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांची तपासणी नियमित करावी लागते.

*साठवण.* पूर्व विदर्भात कडक उन्हाळा व जोराचा पावसाळा यांमुळे हवेतील ओलावा वर्षभरात मोठ्या प्रमाणात बदलतो. लाकूड आकसते व फुगते, लोखंड गंजते. म्हणून आर्द्रता स्थिर राखणे हे कोणत्याही पॉलिशपेक्षा महत्त्वाचे ठरते. रायफल चामडी किंवा किंतानी पिशवीत ठेवत नाहीत, नळीच्या तोंडाला चिंधीचा बोळा लावत नाहीत, कारण दोन्हींमुळे ओल अडकते. घामाचे ठसेही गंज धरतात, त्यामुळे हाताळताना हातमोजे घालतात. सुरक्षेसाठी बोल्ट स्वतंत्र कुलपात ठेवला जातो.

संग्रहालये

नागपूर येथील मध्यवर्ती संग्रहालय (अजब बंगला) १८६३ मध्ये स्थापन झाले असून तेथे शस्त्रांचे दालन आहे. गोंदियातील विद्यार्थ्यांना ते सर्वांत सोयीचे आहे. पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालय, मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय व कोल्हापूरच्या नवीन राजवाड्यातील संग्रहालय येथेही शस्त्रे पाहता येतात. बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्रात रेजिमेंटचे स्वतःचे संग्रहालय आहे.

जतनासमोरील प्रश्न

विसाव्या शतकाच्या अखेरीस इशापूर बनावटीच्या रायफली मोठ्या संख्येने अमेरिकेतील शिलकी शस्त्रांच्या बाजारात पोहोचल्या. परिणामी भारतीय रायफलींच्या खुणा व प्रकारांविषयीचे बरेचसे लेखन परदेशी संग्राहकांनी केले आहे. भारतात सेवेतून काढलेली .३०३ रायफल खुल्या बाजारात येत नाही, आणि सार्वजनिक सुरक्षेच्या दृष्टीने ते योग्यही मानले जाते. परंतु नष्ट होणाऱ्या रायफलीबरोबर तिचा क्रमांक, बनावटीचे वर्ष व तिने ज्या ठाण्यांत सेवा केली त्यांची माहितीही जाते. यावर उपाय म्हणून प्रत्येक प्रकारची एक रायफल कायमची निकामी करून संग्रहालयाकडे देणे आणि उरलेल्यांच्या खुणांची नष्ट करण्यापूर्वी नोंद व छायाचित्रे घेणे शक्य आहे. रायफलीसोबत शस्त्रागारातील नोंदवह्या व ती वापरलेल्या निवृत्त पोलिसांच्या आठवणीही जपल्या गेल्या, तरच तिचा स्थानिक इतिहास पूर्ण होतो.

हे सुद्धा पहा

* इशापूर रायफल कारखाना
* दारूगोळा कारखाना, खडकी
* मराठा लाइट इन्फंट्री
* शस्त्र अधिनियम, १९५९
* गोंदिया जिल्हा