दफ्तर, रुमाल आणि टेप लायब्ररी

विद्यार्थी पाठीवर घेऊन येतो ते दप्तर आणि पेशव्यांचे दफ्तर हे मुळात एकच, हे आपल्या सहसा ध्यानात येत नाही. कातड्याला असलेला प्राचीन ग्रीक शब्द फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला. कातड्यावर लिहिणे केव्हाच संपले, नाव टिकले. आजच्या टेप लायब्ररीच्या परिभाषेचीही हीच गोष्ट आहे.

मोडी कागद चौकोनी कापडात बांधून ठेवीत, त्या गाठोड्यास रुमाल म्हणत. पुण्याच्या दफ्तरखान्यात असे तीस हजारांहून अधिक रुमाल आहेत. त्यांतून रियासतकार सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात निवडक कागदांचे ४५ खंड सिद्ध केले. आपल्या इंदुरात वा. वा. ठाकूर यांनी होळकरशाहीच्या इतिहासाची साधने याच निष्ठेने प्रसिद्ध केली.

आता संगणकाकडे वळू. आय.बी.एम.ने १९५२ मध्ये ७२६ हे चुंबकी फितीचे यंत्र आणले. पुढे कचेऱ्यांतून फितींच्या रिळांची फडताळे उभी राहिली आणि ती सांभाळणारा टेप लायब्ररियन आला. चिठ्ठी आली की रीळ शोधायचे, यंत्राच्या दांड्यावर चढवायचे, काम झाले की जागेवर ठेवायचे. या चढविण्याला माउंट म्हणत. आमच्या दफ्तरदाराला हे काम शिकवावे लागले नसते!

१९७४ च्या आय.बी.एम. ३८५० मध्ये माणसाची जागा यंत्राच्या हाताने घेतली. फितीच्या नळकांड्या मधाच्या पोळ्यासारख्या षट्कोनी घरांत बसत. १९८७ मध्ये स्टोरेजटेकने उभारलेल्या गोलाकार कोठारास लोक सायलो, म्हणजे धान्याची कणगी, म्हणू लागले. आज कार्ट्रिज ज्या खणात बसते तो स्लॉट, ते उचलणारा पिकर, वाचणारा ड्राइव्ह. ओळख पटते ती पाठीवरच्या बारकोडने. लायब्ररियन उरला नाही, तरी लायब्ररी आणि माउंट हे त्याचे शब्द यंत्राने चालू ठेवले.

ही साठवण आपल्याला परकी नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा जिनिव्हाजवळच्या सर्नच्या महाकाय कणत्वरकासाठी लागलेले अतिसंवाहक चुंबक व आधाराचे जॅक पुरविण्यात मोठा वाटा होता. त्या प्रयोगांची माहिती अशाच फितींवर जतन होते.

खरी अडचण वाचनाची आहे. नीट ठेवलेली फीत तीस वर्षे टिकावी असे मानतात. ती वाचणारे यंत्र तितके टिकत नाही. एल.टी.ओ. जातीची पहिली कार्ट्रिज २००० मध्ये आली, तिच्यात १०० गिगाबाइट मावत. २०२५ च्या दहाव्या पिढीत ३० टेराबाइट मावतात. परंतु सातव्या पिढीपर्यंतचे ड्राइव्ह मागील दोन पिढ्या वाचीत, आठवी व नववी एकच, आणि दहावी एकही नाही. म्हणून जुन्या फितीवरचे सारे वेळीच नव्या फितीवर उतरवावे लागते. या कामास मायग्रेशन म्हणतात. आपला जुना शब्द नक्कल. रुमालांचे दुखणे हेच आहे. कागद शाबूत आहे, शाई ठळक आहे; शाळांतून मोडी गेली आणि वाचणारे विरळ झाले. पुण्यातील बहुतेक रुमाल अद्याप बालबोधीत उतरलेले नाहीत.