सेनापती चित्रवर्मा : एका ओळीतून चरित्र किती लिहायचं?

एखाद्या व्यक्तीवर प्रबंध करायचा विचार आहे? मग तुमचं साधन काय सांगतं आणि कुठे गप्प बसतं, हे आधी बघा.

रोमन सिनेटर धाकटा प्लिनी घ्या. इ.स. १०० मध्ये तो कॉन्सल झाला, पुढे बिथिनिया-पोंटस प्रांताचा कारभार पाहिला. त्याच्या शिलालेखात पदांची यादीच आहे, शिवाय त्याची पत्रंही उरली. कारकीर्द मांडता येते.

आता आपल्या वर्ध्याकडे या. धाम नदीकाठचं पवनार आपल्याला विनोबांच्या आश्रमामुळे माहीत. वा. वि. मिराशींनी ते वाकाटकांचं प्रवरपूर ठरवलं. काही अभ्यासक मनसरचं नाव घेतात. पाचव्या शतकात याच प्रवरपूरहून दुसऱ्या प्रवरसेनाने चम्मकचा ताम्रपट दिला: चर्मांक गाव, ८००० भूमी इतकी जमीन, १००० ब्राह्मणांना. शेवटी नोंद आहे : राजवर्ष १८, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, सेनापती चित्रवर्मा. संपलं. वडील कोण, लढाया कोणत्या, काही नाही.

त्याच राजाचा सिवनी ताम्रपटही राजवर्ष १८ चाच, फाल्गुन शुद्ध द्वादशीचा. पण तिथे सेनापती आहे बाप्पदेव!

मी पहिल्या मसुद्यात बिनधास्त लिहिलं, ‘चित्रवर्म्यानंतर बाप्पदेव सेनापती झाला.’ मार्गदर्शकांनी समासात एवढंच विचारलं : राजवर्ष चैत्रात सुरू होतं, कशावरून?

माझं अख्खं प्रकरण तिथेच अडलं. राजवर्ष मोजतात राजाच्या कारकिर्दीपासून. ते आषाढात सुरू होत असेल, तर फाल्गुन आधी येतो आणि ज्येष्ठ नंतर. म्हणजे बाप्पदेव आधीचा! तिसरी शक्यताही आहे. चम्मकचं दान भोजकट राज्यातलं, सिवनीचं बेण्णाकार्पर भागातलं. दोन प्रदेशांत एकाच वेळी दोन सेनापती असू शकतात.

म्हणून वाक्य बदललं : ‘राजवर्ष १८ मध्ये दोन सेनापतींची नावं मिळतात.’ खाली तिन्ही शक्यता मांडल्या.

तुम्हीही एक तक्ता करा : ताम्रपट, राजवर्ष, तिथी, प्रदेश, अधिकारी. ‘नंतर’, ‘म्हणून’, ‘बडतर्फ’ हे शब्द तक्त्यात कुठेच सापडत नाहीत. ते आपण घालतो. घालायला हरकत नाही, फक्त ते आपले आहेत हे वाचणाऱ्याला कळू द्या.