ठिपक्यांच्या नकाशाची कुळकथा

ब्रिटनमध्ये कोणता बेडूक कुठे राहतो, हे आज काळ्या ठिपक्यांच्या नकाशावर बघता येतं. पण ही पद्धत बेडकांसाठी निघाली नव्हती. ती घडवली वनस्पतींच्या अभ्यासकांनी.

त्यांतल्या ह्यूएट वॉटसन यांना कोणती वनस्पती कुठवर पसरली आहे, हे मांडायचं होतं. काउंटीनुसार याद्या कराव्यात, तर यॉर्कशायर अवाढव्य आणि रटलंड चिमुकलं. म्हणून १८५२ मध्ये त्यांनी ब्रिटनचे ११२ विभाग पाडले; एकट्या यॉर्कशायरचे पाच. पुढे सरकारी सीमा बदलत गेल्या, पण वॉटसन यांच्या सीमा अभ्यासकांनी हलू दिल्या नाहीत. त्यामुळे शंभर वर्षांपूर्वीची नोंद आजच्या नोंदीशेजारी ठेवता येते. मला त्यांचं हेच काम सर्वांत मोलाचं वाटतं. प्राण्यांचे अभ्यासक टेलर यांनी १९४८ मध्ये उभयचरांचा प्रसार मांडला, तोही याच विभागांवर.

तरी विभाग मोठेच. एका डबक्यातल्या भेकामुळे (टोड) अख्खा विभाग रंगायचा. १९६२ मध्ये पेरिंग आणि वॉल्टर्स यांचा ब्रिटिश वनस्पतींचा अ‍ॅटलास आला आणि विभागांच्या जागी दहा किलोमीटर बाजूचे सारखे चौकोन आले. नोंदी पंच कार्डांवर चढवलेल्या, ठिपके यंत्राने छापलेले. १९३० नंतरची नोंद असेल तर भरीव ठिपका, त्याआधीची असेल तर पोकळ वर्तुळ. या पोकळ वर्तुळांमुळे कुठून काय नाहीसं झालं असावं, हेही नकाशा सांगू लागला.

१९६४ मध्ये इंग्लंडमधल्या मंक्स वुड इथे जैविक नोंदींचं केंद्र सुरू झालं आणि हीच पद्धत प्राण्यांनाही लागू झाली. उभयचरांचा सविस्तर अ‍ॅटलास हेन्री अर्नोल्ड यांनी १९९५ मध्ये काढला. त्यामागे हौशी माणसांची फौज होती. त्यांना प्राणी दिसलाच पाहिजे असंही नसे. बेडकाची अंडी पुंजक्यात असतात, भेकाची लांब माळेत पाणवनस्पतींना गुंडाळलेली. न्यूट या शेपटीवाल्या उभयचराची मादी एकेक अंडं पानात दुमडून ठेवते; दुमडलेलं पान उलगडलं की ओळख पटते. नॅटरजॅक भेक तर रात्री दूरवरून नुसत्या आवाजावर कळतो.

नकाशावर कोरा राहिलेला चौकोन मात्र जपून वाचावा लागतो. तिथे प्राणी नसेल, किंवा तिथे कोणी गेलंच नसेल. आणि ठिपका असूनही घात होतो. नॉरफोकमध्ये पूल फ्रॉग हा हिरवट-तपकिरी बेडूक होता. एकोणिसाव्या शतकात युरोपातून बेडूक आणून सोडले गेले होते, त्यांचाच हा वंश असं समजून त्याच्या जतनाकडे लक्ष दिलं गेलं नाही. जुनी हाडं, जनुकं आणि आवाज तपासल्यावर तो मूळचा इथलाच असल्याचं सिद्ध झालं, पण तोवर, १९९०च्या दशकात, तो इथून संपला होता. नोंद होती, तिचा अर्थ उशिरा लागला. याचं मला फार वाईट वाटतं. २००५ पासून स्वीडनचे बेडूक आणून नॉरफोकमध्ये त्याला पुन्हा वसवलं गेलं.

आता तळ्याचं पाणी बाटलीत भरून प्रयोगशाळेत पाठवतात. पाण्यात उरलेल्या डीएनएवरून तुरेवाल्या मोठ्या न्यूटचा माग लागतो. इंग्लंडमध्ये २०१४ पासून हा पुरावा अधिकृतपणे ग्राह्य धरतात. पण न्यूट आहेत एवढंच त्यातून कळतं, किती आहेत ते नाही. मोजणीसाठी रात्री टॉर्च घेऊन तळ्याच्या काठावर जावंच लागतं.