तळटीप : पाणथरीला पडलेला पीळ

पाणथरी, म्हणजे प्लीहा, डाव्या बरगड्यांखाली असते. जठर आणि मूत्रपिंडाकडून येणारे बंध तिला जागेवर धरून ठेवतात. हे बंध जन्मतःच नसले किंवा पुढे सैल पडले, तर ती खाली, कधी पार ओटीपोटापर्यंत सरकते आणि आपल्याच रक्तवाहिन्यांच्या देठावर पिळवटते. आधी नीला दबते. रक्त आत येत राहते, बाहेर पडत नाही आणि पाणथरी टम्म फुगते. धमनीही बंद झाली की ती मरू लागते. हा दुर्मीळ विकार मुलांत आणि २० ते ४० वयाच्या स्त्रियांत अधिक दिसतो.

बऱ्हाणपूरसारख्या जिल्ह्यात निदान चुकण्याचा धोका मोठा. खकनार-नेपानगरकडच्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल आहे, हिवतापही जुनाच; पाणथरी दोन्हींत वाढते, पोटही दुखते. पण हाताला लागणारी गाठ भलत्याच जागी असेल आणि सोनोग्राफीत डाव्या बरगडीखालची जागा रिकामी दिसली, तर पिळाचा संशय घ्यायलाच हवा. डॉपलरने रक्तप्रवाह कळतो. सीटी स्कॅनमध्ये देठ भोवऱ्यासारखा गुंडाळलेला दिसतो.

शस्त्रक्रियेत पीळ उलगडल्यावर पाणथरीचा रंग परतला, तर तिला जाळीत बसवून जागेवर पक्के करतात. मुलांच्या बाबतीत तरी हा प्रयत्न आधी व्हावा. मेलेली पाणथरी मात्र काढावीच लागते. मग न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिमोफिलसच्या लसी घ्याव्यात, आणि पुढे आयुष्यात कधीही ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. — संपा.