सदाफुलीचं बी कधी आणि कसं जमवायचं?

छत्रपती संभाजीनगरात नळाला अनेक दिवसांआड पाणी येत आलं आहे. अशा ठिकाणी कमी पाण्यावर वर्षभर फुलणारी सदाफुली सोयीची. तिचं रोप घरच्या बियांपासूनही होतं.

काढणी : फूल गळल्यावर जोडीनं बारीक शेंगा धरतात. त्या पिवळसर पडल्या की तोडा. उशीर झाला तर तडकून बी सांडतं. काळं बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात ठेवा.

पेरणी : जूनमध्ये पाऊस सुरू झाल्यावर पेरा. अंधारात हे बी चांगलं उगवतं, म्हणून वर मातीचा पातळ थर द्या.

रंग : संकरित रोपाच्या बियांतून तोच रंग येईलच असं नाही. तोच हवा असेल तर फांदी लावा.

सावधान : सदाफुली विषारी आहे. मधुमेहावर उपाय म्हणून पानं चघळू नका.