पीक सल्ल्यासाठी शेतकरी नोंदणी फॉर्म कसा असावा?

शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी विज्ञान केंद्रे मोबाईलवर पीक सल्ला देण्यासाठी वेबसाइटवर नोंदणी फॉर्म ठेवतात. फॉर्म लांबलचक असला की शेतकरी तो अर्ध्यावर सोडतो. नेमकी माहिती विचारली नसेल, तर नोंदणी होऊनही सल्ला चुकीच्या वेळी पोचतो. म्हणून प्रत्येक प्रश्नाला एकच कसोटी लावावी: या उत्तराने सल्ला बदलणार आहे का? नसेल, तर तो प्रश्न काढून टाकावा.

कोणती माहिती विचारावी?

- नाव आणि मोबाईल क्रमांक : घरातील फोन अनेकदा मुलाकडे असतो. म्हणून ‘सल्ला कोणत्या क्रमांकावर हवा?’ असे विचारावे.
- गाव : एकाच नावाची गावे अनेक तालुक्यांत असतात. जिल्हा, तालुका, गाव या क्रमाने यादीतून निवडू द्यावे.
- पीक आणि त्याची अवस्था : सर्वांना सरसकट ‘लागवडीची तारीख’ विचारू नये. पीक निवडल्यावर त्यानुसार पुढचा प्रश्न यावा.
 - सोयाबीन : पेरणीची तारीख
 - ऊस : आडसाली, पूर्वहंगामी, सुरू की खोडवा
 - डाळिंब : मृग, हस्त की आंबिया बहर
 - द्राक्ष : छाटणीची तारीख. बागेची लागवड दहा वर्षांपूर्वीची असली, तरी फवारणीचे दिवस छाटणीपासून मोजले जातात.

क्षेत्राची नोंद

निविष्ठांचे एकूण प्रमाण सांगायचे असेल तरच क्षेत्र विचारावे. एकाच चौकटीत ‘1.20’ लिहिले, तर काहींच्या मते ते 1 एकर 20 गुंठे, म्हणजे दीड एकर असते. सातबाऱ्यावरून पाहून लिहिले असेल, तर ते 1 हेक्टर 20 आर, म्हणजे जवळपास 3 एकर होते. खताची मात्रा थेट दुप्पट चुकू शकते. त्यासाठी ‘एकर’ आणि ‘गुंठे’ अशा दोन वेगळ्या चौकटी द्याव्यात.

काय विचारू नये?

आधार क्रमांक, बँक खाते, सातबारा उतारा अनुदान किंवा विम्याच्या कामाला लागतात, पीक सल्ल्याला नाही. फसवणुकीच्या भीतीने शेतकरी नेमका इथेच थांबतो. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 नुसार संमती घेताना सांगितलेल्या उद्देशापुरतीच माहिती घेणे अपेक्षित आहे. माहिती कशासाठी घेतली जाते आणि सल्ला बंद कसा करता येईल, हे बटणाच्या वरच सोप्या मराठीत लिहावे.

भरायला सोपा ठेवा

- चौकटी एकाखाली एक असाव्यात. प्रश्न चौकटीच्या वर कायम दिसावा.
- मोबाईल क्रमांकासाठी अंकांचा कीबोर्ड उघडावा. देवनागरी अंकही स्वीकारावेत.
- ‘अवैध माहिती’ऐवजी ‘मोबाईल क्रमांक 10 अंकी लिहा’ असा संदेश द्यावा. एक चूक झाली म्हणून आधी भरलेली माहिती पुसली जाऊ नये.
- बटणावर ‘सबमिट’ऐवजी ‘पीक सल्ला सुरू करा’ लिहावे.
- नोंदणी होताच त्या पिकाचा पहिला सल्ला लगेच पाठवावा.

सुरू करण्यापूर्वी

गावातील पाच-सहा शेतकऱ्यांना, त्यात महिला शेतकरीही असाव्यात, स्वतःच्या फोनवर फॉर्म भरायला सांगावा. मदत न करता फक्त पाहावे. जिथे ते अडतील, तो प्रश्न आधी सुधारावा.