गेलेल्याचा पेसमेकर

शहापूर-मुरबाडकडच्या लग्नकार्यांत हल्ली पेसमेकर बसवलेले एखादे आजोबा भेटतातच. "मशीनवर चालतोय रे बाबा!" असं हसत सांगतात. हे मशीन आलं कुठून आणि माणूस गेल्यावर ते कोणाचं, हे मनात आलं म्हणून थोडं वाचन केलं.

शरीराच्या आत पहिला पेसमेकर बसला तो ८ ऑक्टोबर १९५८ रोजी, स्वीडनमध्ये. रुग्ण अर्ने लार्सन, वय ४३. हृदय मध्येच थांबायचं, दिवसातून वीस-तीस वेळा शुद्ध हरपायची. त्याच्या बायकोने डॉक्टरांचा पिच्छाच पुरवला (सावित्री काही आपल्याकडेच होत्या असं नाही!). एल्मक्विस्ट या इंजिनिअरने बूटपॉलिशच्या डबीचा साचा करून यंत्र ओतलं, सेनिंग या सर्जनने ते पोटाच्या कातडीखाली बसवलं. काही तासांतच ते बंद पडलं! मग दुसरं... असे वीसहून अधिक बदलत लार्सन २००१ पर्यंत जगला. इंजिनिअर आणि सर्जन दोघेही त्याच्या आधी गेले.

म्हणजे माणूस यंत्रापेक्षा जास्त टिकला. आता याच्या उलट गोष्ट, तीही आपल्या मुंबईतली.

पेसमेकरची बॅटरी चितेच्या किंवा भट्टीच्या उष्णतेने फुटू शकते, म्हणून दहनाआधी तो काढायचा असतो. काढलेला पेसमेकर अमेरिकेत दुसऱ्याला बसवत नाहीत. शिकागोजवळच्या लोयोला विद्यापीठातल्या डॉक्टरांनी असे दान मिळालेले १२१ पेसमेकर तपासले. ५३ मध्ये बॅटरी पुरेशी शिल्लक होती. ते निर्जंतुक करून वांद्र्याच्या होली फॅमिली हॉस्पिटलमध्ये गरीब रुग्णांना बसवले. २०११ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. एकालाही जंतुसंसर्ग झाला नव्हता. काही जण तर पुन्हा मजुरीला जाऊ लागले होते.

कोणा अमेरिकन माणसाच्या छातीत चाललेलं यंत्र वांद्र्याला पुन्हा चालू झालं! मेलेल्याची वस्तू म्हणून कोणी नाक मुरडेल. पण नेत्रदानाला आपण पुण्य म्हणतो, मग धातूच्या डबीचाच विटाळ कसा?

आमच्याकडे अजून लाकडाचीच चिता, आणि प्रेताला सुरी लावायची म्हटलं की घरचे बिथरतात. घरात कोणाला पेसमेकर असेल तर निदान त्या वेळी डॉक्टरांना आठवणीने सांगा. उद्या मला बसलाच तर तो काढून घ्या, असं मी घरी बोलून ठेवलंय. सूनबाई म्हणाली, "बाबा, जेवताना काय हे विषय!"